वाचू का पुढं?

परशुराम : बस हितं फळीवर जरा. पिशवी दे हिकडं. गाडीत जागा मिळाली न्हवं?

तारा : खानापूरपासून मिळाली. मामा, दुकान का बंद? दुपारी चार वाजता तुमचं दुकान बंद मी कधी बघितलं नाही.

परशुराम : तू उतरशील म्हनून लावून घेतलं. उघडं असलं की ह्या फळीवर चार टाळकी येऊन बसत्यात, आन स्टँडावरचं सगळं कानांनी खात्यात. आता कोन न्हाई. आलं का अर्जुनचं पत्र?

तारा : आलं.

परशुराम : बरा हाय न्हवं तुझा भाऊ?

तारा : तुमच्याशी ह्यातलं काही बोलायचं नाही असं ठरवून मी गाडीतनं उतरलेय.

परशुराम : म्हैना झाला. म्हैनाभर मला 'तुमी' म्हनायलीस. चालाय लागल्यापासनं 'मामा, तू' म्हननारी पोर. बरं, ते सोसतो मी. कागद आनलास?

तारा : नाही. छापलंच नाही. कागदाला पाय फुटतात, ते कळलं मला. तिथंच कॉम्प्युटरपुढं बसून चारदा वाचलं, पाठ केलं, लॉग आउट केलं. मग परत बघितलं नीट बंद झालंय की नाही. मगच उठले.

परशुराम : दार लावल्यागत.

तारा : दार लावल्यासारखंच. आपल्यात दिवसा दार लावायची रीत नाही. लावलं तर शेजारणीला राग येतो, मी काय चोर हाय काय म्हणते. म्हणून मला शिकायला वेळ लागला.

परशुराम : आन ती खुनेची अक्षरं?

तारा : पासवर्ड. बदलला.

परशुराम : आता काय ठेवलास?

तारा : मामा!

परशुराम : न्हाई न्हाई, तोंडातनं गेलं. नको सांगू. आंबेकोंड होतं ते मला आवडलेलं गं. कंप्यूटरवाल्यानं तुझी चिठ्ठी बघितली, म्हनला, मामा, हे आंबेकोंड काय? म्हनलं, आमचं गाव. सुप्याच्या धरनात पानी भरलं तेच्या तळाला हाय. पंधरा वर्सांत कुनी त्या गावाचं नाव इचारलं न्हवतं मला.

तारा : आणि तुम्ही सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलंत.

परशुराम : मला काय म्हाईत ते कुलूप हाय? गावाचं नाव इचारलं, मी सांगितलं.

तारा : तुम्हाला नव्हतं माहीत. मला होतं. कोर्सच्या पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं. गावाचं नाव ठेवू नका, घरच्यांचं ठेवू नका. कुणाला सांगू नका, सख्ख्या आईला पण नाही. मी वहीत उतरून घेतलं, खाली रेघ मारली. आणि मग गावाचंच नाव ठेवलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि तुमच्या हातात दिलं. चावी मीच दिली. ती चूक माझी. ती मी तुमच्यावर टाकत नाही.

परशुराम : तू तरी काय करनार व्हतीस? भाताची कापनी आलेली, इंदू तापानं आडवी. आन शनवारी बेळगावला जानारा मीच. सगळ्यांचंच मी आनायचो. अनुसयेच्या गोळ्या, मारुतीच्या चष्म्याची काडी, फुलीच्या लेकीला रिबिनी. त्यात तुझं एक पत्र.

तारा : तेच ना. मला पण तसंच वाटलं. बाजाराला जाणारा सगळ्यांचं आणतो, तसं माझं पण आणेल. दोन शनिवार माझे चुकले होते. रक्ताचा रिपोर्ट त्याच आठवड्यात येणार होता त्याचा. मला राहवलं नाही.

परशुराम : टपालानं धाडलं असतं त्यानं, तर...

तारा : टपालानं? टपाल कुठं पडायचं, मामा? तुमच्या ह्याच फळीवर. जो येईल तो गठ्ठा चाळायचा. कुणाचं पत्र आलं, कुठनं आलं, काय लिहिलंय. बायजाकाकूच्या जावयानं दुसरी केली ते बायजाकाकूच्या आधी ह्या फळीला कळलं होतं. आणि फोन तुमच्याच दुकानात. फोनवर मी काय बोलणार होते त्याच्याशी, साखरेच्या पोत्यावर बसून? म्हणून तर आम्ही हे ई-मेलचं काढलं होतं. तो मडगावात कॉम्प्युटरच्या दुकानात जायचा, मी बेळगावात. जगात आम्हा दोघांचंच म्हणून एवढंच होतं काहीतरी.

परशुराम : टपालवाल्याला सांगितलंय मी. आता हितं टाकायचं न्हाई, घरोघर दे म्हनलं. तो म्हनला, मामा, तुमाला बरं न्हाई काय?

तारा : ऐकलं मी ते.

परशुराम : आन बेळगाव बी सोडलं. माझा माल आता येसाजी आनतो. कुनाचं काय आनाय नको वाटतंय. एक इचारू? पेपरात आलंय की नव्या सालाच्या एक तारखेला जगातले सगळे कंप्यूटर बंद पडनार. खरं काय?

तारा : म्हणतात तसं. सर म्हणाले काही होणार नाही.

परशुराम : झालं तर त्यातली पत्रं पुसली जातील?

तारा : जातील कदाचित.

परशुराम : मग ते बी जाईल. मी छापून आनलेलं, चंद्रीनं गाडीत वाचलेलं.

तारा : मामा, कॉम्प्युटरमधलं जाईल. गाडीत बसलेल्या माणसांच्या डोक्यातलं कसं जाईल? लखूकाकाच्या डोक्यातलं? फुलाकाकूच्या?

परशुराम : व्हय. ते कसं जाईल.

तारा : काल काय झालं सांगू? आई नळावर गेली. तिची कळशी रांगेत, मी खिडकीतनं बघत होते. फुलाकाकूनं पायानं स्वतःची कळशी आईच्या कळशीपासून लांब सरकवली. हातानं नाही, पायानं. मग तिच्या मागचीनं सरकवली. आई पाणी न भरता घरी आली. मला म्हणाली, नळाला पाणीच न्हाई आज. आणि मला चुलीपुढनं नळाचा आवाज ऐकू येत होता.

परशुराम : फुलीला मी बोलतो.

तारा : काही बोलू नका. बोलाल तेवढं वाढेल. दूध चार घरांनी बंद केलंय. आमची म्हैस काय मडगावला गेली होती काय? अर्जुन दोन वर्षांत ह्या गावात पाय ठेवून गेला नाही, आणि त्याचं आजारपण आमच्या दुधात आलं!

परशुराम : अडानी मानसं हाईत पोरी.

तारा : अडाणी म्हणून सोडू नका. चंद्रा अडाणी आहे? बी. ए. ला आहे ती खानापूरला. तिला कळलं नाही पत्र कुणाचं, कुणासाठी? लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही. महिनाभरात तिच्याशी एक शब्द बोलले नाही मी. परवा वाटेत आली, हात धरला माझा. मी झटकला.

परशुराम : झटकलास?

तारा : मग काय करू? तुम्हाला कळलं नाही म्हणून सांगता, वय झालं तुमचं, तुम्हाला इंग्रजी येत नाही, तुम्हाला वाटलं सगळं इंग्रजीत आहे. तिला वाचता येत होतं. पहिली ओळ वाचल्यावर तिनं कागद घडी करून द्यायचा होता.

परशुराम : अक्षरं इंग्रजी व्हती गं. मला वाटलं, इंग्रजीच हाय, गाडीतल्या कुनाला काय कळनार. चंद्रीला म्हनलं, तातडीचं काय हाय काय तेवढं बघ. तसं काय असलं तर लोंढ्यात उतरून दुकानात फोन लावतो. आन तिनं तोंड उघडलं तर आतनं मराठी निघालं. आपलंच. त्याच्या तोंडचं.

तारा : हे तुम्ही सांगितलंय मला. दहादा सांगितलंय.

परशुराम : खरं इंग्रजी म्हंजे ती तीनच अक्षरं व्हती. एच आय व्ही. ती बी सगळ्यांना कळली. दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेली असत्यात.

तारा : बस झालं, मामा.

परशुराम : बरं. न्हाई बोलत.

तारा : त्यानं एक गोष्ट विचारलीय. तुमच्याबद्दलची आहे, म्हणून तेवढीच सांगते. बाकीचं पत्र माझं आहे, ते मी कुणाला सांगणार नाही. आईला पण जेवढं तिचं आहे तेवढंच सांगेन.

परशुराम : माझ्याबद्दल? शिव्या घातल्या असतील.

तारा : मी त्याला लिहिलं होतं, की पत्र गाडीत मोठ्यानं वाचलं गेलं. तेवढंच लिहिलं. नळाचं, दुधाचं काही नाही लिहिलं. माझा हात चालला नाही. त्यावर त्यानं लिहिलंय... मी जसंच्या तसं सांगते.

परशुराम : सांग.

तारा : "अक्का, गाडीत कोण होतं? किती वाचलं? परसूमामा होता ना? मग त्यानं पहिल्या ओळीलाच थांबवलं असेल. मामा असताना असं कोण वाचणार? तेवढंच असेल तर काळजी नाही. आजारी आहे म्हणून कळलं असेल, कळू दे. मी संक्रांतीला घरी येतो. तू फक्त मामाला विचारून कळव."

परशुराम : असं लिवलंय?

तारा : असं लिहिलंय. आता मी काय कळवू? तुम्हाला समजायच्या आत सगळं वाचून झालं, असं तुम्ही सांगता. ते लिहिलं तर तो येणार नाही. मी परत परत विचार करायलेय गाडीत. तीन तासांवर मडगाव आहे. पत्ता देत नाही, नाहीतर मी जाऊन आणलं असतं हाताला धरून. त्याच्या हातात किती दिवस आहेत ते... जाऊ दे. मामा, गाडीच्या आवाजात लोकांना खरंच किती ऐकू गेलं? तुम्हाला काय वाटतं?

परशुराम : गाडी उभी व्हती.

तारा : काय?

परशुराम : लोंढ्याच्या फाटकात. रेल्वे जायची व्हती. इंजिन बंद केलेलं डायव्हरनं. पाखराचा बी आवाज न्हवता.

तारा : हे नव्हतं सांगितलंत तुम्ही.

परशुराम : आनखी बी एक न्हाई सांगितलं. चंद्रीचा हात झटकलास म्हनलीस ना आत्ता. तवापासनं घशात आलंय. चंद्रीनं पयली वळ वाचली. "अक्का, आईला सांगू नको." आन ती थांबली.

तारा : थांबली?

परशुराम : कागद खाली केला तिनं. माझ्याकडं बघितलं. म्हनली, मामा, हे तारीचं घरातलं हाय. वाचू का पुढं?

तारा : आणि तुम्ही?

परशुराम : मी म्हनलं, वाच. तिनं परत इचारलं. हळू आवाजात वाचू का म्हनली. म्हनलं, मला डाव्या कानानं कमी येतंय, नीट वाच.

तारा : देवा.

परशुराम : शेवटपातुर वाचून घेतलं मी. रिपोर्टचं. ती तीन अक्षरं. रोज रातीला रडतो म्हनून लिवलेलं, त्यावर लखू हसला ते बी. लखूला बी मी काय बोललो न्हाई. कारन बोललो असतो तर पुढचं चुकलं असतं ऐकायचं.

तारा : का? एवढं सांगा. का वाच म्हणालात?

परशुराम : म्हैनाभर तेच सोताला इचारतोय. दोन वर्सं, तारा. मडगावाकडं जहाजावर सैपाकी म्हनून गेला त्याच्या आधी ह्याच फळीवर बसून चा प्याला माझ्या संगं. मग आवाज न्हाई, कार्ड न्हाई. चंद्रीनं 'अक्का' म्हनलं आन मला वाटलं त्योच बसलाय बाजूला. आंबेकोंड सोडताना ह्या खांद्यावर आनलाय त्याला. इंदूच्या एका हातात तू, दुसऱ्या हातात देव. पानी बांधापातुर आलेलं. तवा सहा वर्साचा व्हता, सगळ्या वाटंला माझे कान धरून बसलेला. मला वाटलं, अर्जुनचं पत्र म्हंजे माझंच की. माझ्यापासनं काय लपवनार त्यो? इथं कुनाचं काय कुनापासनं लपलंय आजपातुर?

तारा : त्याला लपवायचं होतं.

परशुराम : व्हय. ते पयल्या वळीतच लिवलेलं. सख्ख्या आईला सांगू नको म्हनतोय, ते मी ऐकलं, आन तरी वाच म्हनलं.

तारा : चंद्रानं सांगितलं नाही मला हे. परवा हात धरला तेव्हा हेच सांगायचं असेल.

परशुराम : न्हाई सांगनार ती. मी तिला शपथ घातलेली.

तारा : शपथ पण घातलीत.

परशुराम : तुझ्या तोंडाला भ्यालो.

(इंदुबाई रस्त्याच्या पलीकडून येते. काखेत रिकामी कळशी.)

इंदुबाई : गाडी जाऊन अर्धा तास झाला. मी वाट बघतोय दारात. हितं काय बसलीस? अन्ना, दुकान लावून तू बी हितं काय करतोस?

तारा : येतच होते, आई. कळशी कशाला?

इंदुबाई : वड्यावर जातोय पान्याला. वड्याचं पानी गोड लागतं.

परशुराम : इंदू, वडा मैलभर हाय.

इंदुबाई : हाय तर हाय. माझे पाय हाईत. माझ्या लेकराचं आलं का काय? ते सांग आधी.

तारा : घरी चल, सांगते.

इंदुबाई : घरी कशाला? अन्ना काय परका हाय? लोक म्हनत्यात अन्नानं तुझी इज्जत चवाठ्यावर मांडली. मी म्हनतोय, अन्नामुळं मला कळलं तरी. ह्या दोघा भावाभैनींचं मनात काय व्हतं? मला शेवटी सांगनार, ताप आला आन गेला. आई म्हनून मी काय फकस्त भाकऱ्या भाजाय हाय?

तारा : तो तुला सांगणार होता. त्याच्या तोंडानं. त्याला वेळ पाहिजे होता, आई. ते त्याचं होतं सांगायचं.

इंदुबाई : आन नसतं सांगितलं तर?

तारा : तर नसतं. ते पण त्याचंच.

इंदुबाई : शिकलीस लई. येनार हाय का न्हाई तेवढं बोल.

तारा : संक्रांतीला येतो म्हणतोय...

इंदुबाई : येतो म्हनतोय! मग अशी मेल्यागत तोंडं करून का बसलाय दोघं? अगं, नाचना दळाय पायजे. मागची खोली सारवून घेतो. मागच्या दारानं त्याला न्हानीकडं जाता येतंय, कुनाच्या नजरंला पडाय नको...

तारा : आई, ऐक. एका अटीवर येतोय. गाडीत फक्त पहिली ओळ वाचली गेली असेल तर. मामानं थांबवलं असेल असं त्याला वाटतंय. मामाला विचारून कळव म्हणालाय.

इंदुबाई : मग कळव की. थांबवलं म्हनून लिही.

परशुराम : मी थांबवलं न्हाई, इंदू. चंद्री थांबली व्हती. मी तिला वाच म्हनलं. आयकलंस न्हवं?

इंदुबाई : आयकलं. मला आयकून काय करायचंय ते? अन्ना, जे झालं ते झालं. तारे, तू लिही, थांबवलं म्हनून. त्याला काय दिसतंय हितलं?

तारा : आणि येऊन उतरला की? ह्याच स्टँडावर उतरणार तो. लखूकाका इथंच बसलेला असतो. उतरायच्या आधी खिडकीतनं कळेल त्याला.

इंदुबाई : लखूला मी बघून घेतो. नळावर मी जात न्हाई, वड्यावर जातो. दूध कुनी घेऊ नका, माझं पोरगं पिईल. एकदा घरात आला की मी दार लावून घेतो. पंधरा दिवस राहू दे, आठ दिवस राहू दे. डोळ्यांनी बघू दे मला त्याला!

परशुराम : इंदू, लबाडी लिवायला नको.

इंदुबाई : का नको?

परशुराम : एकदा त्याचं हातातनं काढून घेतलं मी. आता खोटं सांगून हितं आनायचं आन ह्या मानसांच्या पुढं उभं करायचं, ते दुसऱ्यांदा काढून घेतल्यागत व्हईल. काय कळलंय, कुनाला कळलंय ते म्हाईत करून घेऊन येऊ दे. न्हाईतर न येऊ दे. त्याच्यावर सोड.

इंदुबाई : वा रे अन्ना! तवा तुझं मन ऱ्हाईना म्हनून वाच म्हनलास. आता तुझं मन साफ कराय पायजे म्हनून खरं लिव म्हनतोस. दोन्ही बारीला तुझंच मन. आन पोरगं माझं लांब ऱ्हानार! तुझं काय जातंय रे?

परशुराम : माझं बी जातंय.

इंदुबाई : काय जातंय?

परशुराम : मामा असताना असं कोन वाचनार, असं लिवलंय त्यानं. जगात एकाच मानसाला माझ्याबद्दल असं वाटतंय आता. ते जातंय.

तारा : आई, बस इथं. कळशी ठेव खाली.

इंदुबाई : तू सांग. तुला काय वाटतंय? तू शिकलीस ना त्या कंप्यूटरचं.

तारा : कॉम्प्युटरचं काय शिकणार ह्यात? सरांनी कुलूप कसं लावायचं ते शिकवलं. उघडं राहिलं आणि लोक आत शिरले तर पुढं काय, ते नाही शिकवलं. मला तो यायला पाहिजे. तुझ्याएवढाच पाहिजे. पण आई, जगात आम्हा दोघांचं एकच ठिकाण होतं, तिथं मी त्याला कधी खोटं लिहिलं नाही. ते पण लिहिलं तर मग तो कुणाला लिहिणार?

इंदुबाई : खरं लिवलं तर येनार न्हाई त्यो.

तारा : नाही येणार.

इंदुबाई : मला म्हाईत हाय. लहानपनी शाळेत कुनी हसलं तर चार दिवस घरातनं भायेर पडायचा न्हाई.

परशुराम : माझ्या दुकानात पोत्यामागं बसायचा येऊन. मी कुनाला सांगायचो न्हाई हितं हाय म्हनून.

इंदुबाई : व्हय. तवा न्हाई सांगायचास. मी गावभर हाका मारत फिरायचो, आन तू ह्या दारात उभा राहून न्हाई बघितला म्हनायचास मला.

परशुराम : त्यानं सांगू नको म्हनलेलं असायचं.

इंदुबाई : ...लिही, तारे. खरं काय ते लिही. नळाचं बी लिही. फुलीनं पायानं कळशी सरकवली ते लिही. मला काय आंधळी समजतीस? तुला नळाचा आवाज येत व्हता ते कळलं मला. आन हे समदं लिवून झालं की खाली लिही, आईला कळलंय. आई रडली न्हाई असं लिवू नको. रडली म्हनून लिही. आन मागची खोली सारवलीय म्हनून लिही.

तारा : अजून सारवली नाहीस.

इंदुबाई : सांजच्याला सारवतो. तू बेळगावला पोचंस्तोवर वाळतीय.

तारा : लिहिते. मामा, तुमचं काय लिहू?

परशुराम : लिव... अर्जुना, मी थांबवलं न्हाई. चंद्रीनं इचारलं, वाचू का पुढं. मी वाच म्हनलं. तुझा आवाज आल्यागत वाटला म्हनून. लई मानसं व्हती गाडीत. सगळ्यांनी आयकलं. बास.

तारा : बास?

परशुराम : माफ कर असं लिवू नको. माफी मागितली की त्याला काय तरी द्यावं लागंल. त्याच्याकडनं आदीच लई घेतलंय.

तारा : बरं. असंच लिहिते.

परशुराम : कागदावर उतरून घेतीस?

तारा : नाही. पाठ झालं.

इंदुबाई : मी जातो. अंधार पडायच्या आत वड्यावरनं यायला पायजे.

परशुराम : इंदू, कळशी हिकडं दे. मी भरून आनतो नळावरनं.

इंदुबाई : नको, अन्ना. तू भरलीस तर फुली तुझ्या बी दुकानात यायची न्हाई.

परशुराम : न येऊ दे. दे हिकडं.

इंदुबाई : ...घे. काठ चेपलाय, हळू धर.

तारा : मी चंद्राकडं जाते. तिला काय बोलू ते कळत नाही, पण जाते.

परशुराम : तारा.

तारा : काय?

परशुराम : पुढच्या शनवारी जाशील न्हवं बेळगावला? मी येऊ संगं?

तारा : कशाला, मामा? तू काय करणार तिथं येऊन?

परशुराम : आत न्हाई येनार. तुझं लिवून हुईस्तोवर भायेर उभा ऱ्हातो, रस्त्यावर. काचंकडं पाठ करून.